एकशे बहात्तर ग्रॅम

मी आज पदवीधर आहे तो करमाळ्याच्या गायकवाड बाईंमुळे. शाळेत प्रयोगशाळा नव्हती. बाईंनी बाकाला दोन दोर बांधले आणि दोन पोरांना दोन दिशांना ओढायला लावलं. बाक दोघांच्या मधून सरकला. त्या म्हणाल्या, "दिसलं तेच लिही. चुकलं तर का चुकलं ते खाली लिही."

पुण्यातल्या कॉलेजात पहिल्याच वर्षी तो प्रयोग पुन्हा समोर आला. उभ्या फळीवर दोन पुल्या. दोऱ्याच्या टोकांना माहीत असलेली वजनं, मध्ये माहीत नसलेलं. मागच्या कागदावर दोऱ्यांच्या दिशा उतरवायच्या, समांतरभुज चौकोन काढायचा. कर्ण मोजला की मधलं वजन कळतं.

सरांनी माझा कागद उचलून सगळ्या बॅचला दाखवला.

"किती आलं म्हणालात?"

"एकशे बहात्तर ग्रॅम, सर."

"आणि बाकीच्यांचं?"

"दीडशे!" सगळे एका सुरात.

सरांनी हजेरीची यादी पाहिली. त्यात नावापुढे प्रवर्ग लिहिलेला असे. मग अगदी शांतपणे म्हणाले, "अहो, सवलत प्रवेशाला असते. गुरुत्वाकर्षण देत नाही."

बॅच हसली. मीही हसलो. ते हसू मला अजून माफ करता आलेलं नाही.

प्रयोगातला माझा जोडीदार पुण्याच्या नारायण पेठेत राहणारा. वाईट नव्हता. संध्याकाळी कंप्युटरचा क्लास, पुढे अमेरिका, असं त्याचं सगळं ठरलेलं. त्याने खोडरबर पुढे सरकवला. "अरे, सीनियरच्या जर्नलमध्ये दीडशेच आहे. आधी कर्ण काढायचा, मग दोरे. आम्ही सगळे तेच करतो. तुला कोणी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. मला सीनियर माहीत नव्हते.

जर्नलमधली एक सही राहिली तरी परीक्षेला बसू देत नसत. वर्ष गेलं की गावी परत, हे घरी ठरलेलं होतं. मी खोडलं. दीडशे लिहिलं. दोनदा विचारही केला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

सरांनी सही केली. वर 'उत्तम' लिहिलं आणि बॅचकडे वळून म्हणाले, "बघा. जरा दटावलं की यांनाही जमतं."

पहिलं बोलणं मी गिळलं होतं. ही शाबासकी गिळता आली नाही.

मी टेबलाकडे गेलो. डावी पुली बोटाने फिरवली. फिरली. उजवी फिरवली. हललीसुद्धा नाही. माझा कर्ण सरळ उभा न येता उजवीकडे का कललेला, ते मला तेव्हा कळलं.

"सर, ही पुली अडकलीय. हिच्यावर दीडशे येऊच शकत नाही."

कोणी हसलं नाही.

"मग तुम्ही लिहिलंत कसं?" सरांनी विचारलं.

"खोटं लिहिलं, सर."

मी पेनाने दीडशेवर काट मारली. एकशे बहात्तर लिहिलं. खाली लिहिलं, उजवी पुली अडकते. सरांनी त्याच पानावर आपली सही खोडली. दोन रेघा. कागद फाटला.

"बसा आता वर्षभर."

मी राहत होतो त्या खडकीच्या मामांच्या क्वार्टरवर गेलो आणि आधी गायकवाड बाईंना पत्र लिहिलं.

"आदरणीय बाई, सविनय जय भीम.

आज मी खोटं लिहिलं आणि त्याला 'उत्तम' मिळालं. मग ते खोडलं, तर सही गेली. वर्षही जाईल कदाचित. रागवायचं असेल तर त्या दीडशेसाठी रागवा, सहीसाठी नको. मी त्यांच्यासमोर हसलो, त्यासाठीही रागवा.

पुली अजून तशीच आहे. दर सोमवारी मी त्याच टेबलावर तोच प्रयोग मांडणार. येईल तेच लिहीन. सही घेईन ती त्याच्याखालीच.

आपला विद्यार्थी"