स्पीकरवरची घासाघीस

अंबडला एका लेथच्या वर्कशॉपवर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. इंजिनिअरिंग कॉलेजपासूनची माझी मैत्रीण आणि मी कारखान्यांना सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करून द्यायचो. फाइली आमच्या कॉम्प्युटरवर असायच्या आणि कारखान्यातली माणसं त्या तिकडून उघडायची. त्यासाठी इंटरनेटचा न बदलणारा नंबर, म्हणजे स्टॅटिक आयपी, घेतलेला. कनेक्शन तिच्या नावावर होतं. ड्रॉइंग मी बघायचे, घासाघीस ती करायची. सहा वर्षं असं चाललं.

मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं तिला चाकणला नोकरी देऊ केली. वडील आजारी होते, तिला दरमहा ठरलेला पगार हवा होता. हे तिनं मला समोर बसून सांगितलं. मी म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तू स्वतःचीच सोय बघत होतीस."

तिनं ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. पुढे आठ महिने आमचा एकमेकींना फोन नाही.

यंदा आयपीचे दर जवळपास दुप्पट झाले. इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात गेले, तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, रेट वरून आलेत."

"अहो, सहा वर्षं वेळेवर भरतोय आम्ही."

"दोन वर्षांचं एकदम भरलंत तर थोडं कमी करू. पण ओटीपी लागेल. कनेक्शन तुमच्या नावावर नाहीये."

तिथूनच तिला फोन लावला. दुसऱ्या रिंगला तिनं उचलला. मी फक्त ओटीपीचं सांगितलं.

"किती सांगतायत?" तिनं विचारलं.

मी आकडा सांगितला.

"काहीतरीच काय! स्पीकरवर टाक."

मग तिनं त्या गृहस्थांना नेहमीसारखं धारेवर धरलं. पावसाळ्यात चार दिवस लाइन बंद होती, तेव्हाची तक्रार तिच्या अजून लक्षात होती. दुसऱ्या कंपनीचे दर तिनं घडाघडा सांगितले. गृहस्थ हसायला लागले, मीही हसले. शेवटी ते म्हणाले, "बरं, जुन्या रेटनं करतो. पण दोन वर्षांचं."

तिनं ओटीपी वाचून दाखवला. मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "थँक्यू."

"कनेक्शन तुझ्या नावावर करून घे आता," ती म्हणाली. "फॉर्मवर सही करून पाठवते. दर वेळी मला फोन करायला नको."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

चार दिवसांनी कुरिअर आलं. फॉर्मवर तिची सही होती. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून पाहिलं. दुसरं काहीच नव्हतं. तिच्या सहीखाली माझी सही केली.