ती म्हणते, सर

"व्हॉट इज शी सेयिंग?" साहेबानं विचारलं.

मला नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या लोकेशला. लोकेश आमच्या लाइनीचा सुपरवायझर. मी साहेबाच्या टेबलापासून दोन हातांवर होते. खोलीत सहा खुर्च्या रिकाम्या, पण बसा म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. आत्ताच पाच-सात मिनिटं मी बोलले होते. कन्नडमध्ये, हात हलवून, घसा कोरडा पडेपर्यंत.

लोकेशनं मान वाकवली. "शी इज सेयिंग शी फरगॉट, सर."

ती म्हणते, ती विसरली; हा अर्थ मला मागाहून कळला. संपलं. साहेबानं कॉम्प्युटरवर टकटक केलं आणि पुढचं विचारलं. परत लोकेशलाच.

आणि मी काय करत होते, सांगू? हूं म्हणत होते. आमच्यात मोठं माणूस बोलत असलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. लहानपणी माझी अज्जी गोष्ट सांगायची, हूं थांबलं की तीही थांबायची. तशी मी साहेबाच्या इंग्रजीला हूं देत उभी. शब्द एक कळत नव्हता, हूं मात्र ठसठशीत! पन्नाशीची घोडी झाले होते आणि अक्कल अजून पाळण्यात.

साहेबानं एकेक हूं 'कबूल' म्हणून लिहून घेतलं.

झालं होतं ते असं. म्हैसूरजवळ कडकोळला कपड्यांच्या कारखान्यात मी मशीनवर होते. परदेशातल्या बाळांचे फ्रॉक शिवायचो. तिथला नियम कडक. सुई मोडली की उठायचं, तुकडे गोळा करायचे, रजिस्टरात टेपनं चिकटवायचे. तुकडे जुळून अख्खी सुई दिसली तरच नवी मिळायची. एक तुकडा कमी पडला तर लाइन बंद, सगळे पीस तपासायचे. नियम चांगलाच. बाळाच्या अंगात घुसायचं ते.

माझी सुई मोडली. टोक सापडेना. मी उठले, लोकेशजवळ गेले आणि सांगितलं, "टोक सापडत नाही, सार."

त्या दिवशी माल जायचा होता. तो म्हणाला, "आमेले नोडोणा. मोदलु पीस मुगिसी, अक्का." मग बघू, आधी पीस संपवा. वर स्वतःच्या खिशातून नवी सुई काढून दिली. शेजारच्या मशीनवर गीता बसायची, तिनं हे सगळं ऐकलं.

मी पीस संपवले. एका फ्रॉकवर तपासणीचं यंत्र ओरडलं. घेरात माझ्या सुईचं टोक.

हे सगळं मी त्या खोलीत सांगितलं होतं. कुणाला सांगितलं, तो काय म्हणाला, सुई कुठल्या खिशातून निघाली, तेसुद्धा. आणि हे सगळं सांगणाऱ्या बाईचं म्हणणं साहेबाला कोण सांगत होतं? तर लोकेश! चोरीची फिर्याद चोराच्या तोंडून. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. लोकेशला इंग्रजी येतं, म्हणून तो सांगतोय. बिचारा आपल्यासाठी कष्ट घेतोय. खरंच, असंच वाटलं मला.

सही केली. एक प्रत मिळाली. इंग्रजी कागद, वर माझं नाव छापलेलं. आमच्या लष्कर मोहल्ल्यातल्या घरी नेला आणि देवाच्या फोटोमागे ठेवला. कुंकू लावलं, बरं का. स्वतःच्या फाशीच्या हुकमाला कुंकू लावणारी अख्ख्या म्हैसुरात मीच एक असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या लाइनी अंगणात उभ्या केल्या. मला पुढं बोलावलं. लोकेशच्या हातात माइक.

"ती म्हणते, ती सांगायला विसरली. ती म्हणते, चूक तिचीच आहे. ती म्हणते, ती माफी मागते."

मी तिथं उभी. तोंड बंद. आणि माझं बोलणं भोंग्यातून बाहेर पडत होतं. गीता चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती. मागून कुणीतरी हसलं.

मला मशीनवरून काढलं. धागे कापायच्या टेबलाला बसवलं, नव्या पोरी बसतात तिथं. नाव पडलं 'मरेगुळी अज्जी'. विसरभोळी म्हातारी. कंपनीच्या बसमध्ये एकीनं तोंडावर विचारलं, "तूच म्हणालीस ना, अक्का? मग आता डोळे कशाला पुसतेस?"

मी म्हणाले? मी कधी म्हणाले?

घरी आले, फोटोमागचा कागद काढला आणि मुलीपुढं टाकला. माझी शालू इंग्रजी शाळेत लहान मुलांना शिकवते. तिनं वाचलं. परत वाचलं.

"आई, तू असं म्हणालीस, की तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"अय्यो, सांगितलं की! लोकेशला सांगितलं."

"आणि दुसऱ्या कामाला लावलं तरी माझी तक्रार नाही, हे?"

"हे कुणी म्हटलं?"

"तू. खाली सही तुझी आहे."

मी विचारलं, इंग्रजीत सगळे असंच दुसऱ्याचं बोलणं सांगतात का गं? ती म्हणाली, रोज सांगतात. फोनवर, ऑफिसात, दुकानात. मम्मी म्हणते ती उद्या येईल. मॅडम म्हणतात फॉर्म परत भरा. शब्द तेच लागत नाहीत, अर्थ पोचला की झालं.

"आणि अर्थ कोण ठरवतं?"

शालूनं कागदाची घडी घातली.

मग माझे कान उघडले. गुडघा दाखवायला गेले, तर डॉक्टर शालूला विचारतो, ती काय म्हणते, दुखणं कमी आहे का? गुडघा माझा! बँकेत काचेमागची पोरगी पलीकडच्या पोराला माझं म्हणणं सांगते, आणि मी काचेला नाक लावून उभी. जिथं जावं तिथं मी हजर, आणि माझं बोलणं कुणाच्या तरी तोंडात.

आमच्या घरात असं नव्हतं. माझी अज्जी तिच्या मेलेल्या सासूचं बोलणं सांगायची, तर सासू होऊनच सांगायची. नाक उडवून, तोच खेकसा आवाज. "सासूबाई म्हणाल्या, मी जिवंत आहे तोवर या चुलीला हात लावायचा नाही!" सासूशी उभा दावा, पण तिच्या वाक्यातला एक शब्द कधी हलवला नाही. वैऱ्याचंही बोलणं वैऱ्याच्याच तोंडात ठेवायचं, एवढी रीत त्या अडाणी बाईला होती.

इंग्रजीला दोष देत नाही मी. कारखान्याच्या भिंतीवर मोठ्या मालकाचं वाक्य होतं, तेही इंग्रजीच. काचेत मढवलेलं, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं, दारावर पहारेकरी उभे करावेत तशी. त्याच्या वाक्याला कुणी हात लावत नव्हतं. 'तो म्हणतो की' असं म्हणत नव्हतं. त्याचे शब्द जसेच्या तसे. आमचा फक्त अर्थ.

थोड्या दिवसांनी परत त्याच खोलीत बोलावलं. परदेशी गिऱ्हाईकाला पाठवायला माझ्या कबुलीचा शेवटचा कागद हवा होता. साहेब तोच, लोकेश तोच, खुर्च्या रिकाम्याच.

साहेबाचा मोबाइल वाजला.

"हेळम्मा," साहेब म्हणाला. सांग, अम्मा. मग पुढं सुरूच. ऊटा आय्तु, हो, जेवलो, गोळ्या घेतल्यास का, गाय व्याली का. अस्सल हासनकडचं कन्नड. गावाकडचं, मऊ, गुळासारखं.

मी ऐकत राहिले. हूं दिलं नाही.

म्हणजे याला कळत होतं. पहिल्या दिवसापासून. माझं वाक्यन् वाक्य. टोक सापडत नाही, हेही कळलं होतं. खिशातली सुईही कळली होती. सगळं कानांनी ऐकून हा माणूस लोकेशला विचारत होता, ती काय म्हणते? कारण माझ्या तोंडून ऐकलं तर ते त्याला ऐकल्यासारखं धरावं लागलं असतं.

फोन ठेवला. गूळ विरघळला. लोकेशकडे वळून परत इंग्रजी, "आस्क हर टु साइन."

मी एक खुर्ची ओढली आणि बसले. मोठी झाशीची राणी नव्हते, हेही सांगते.

कन्नडमध्ये म्हणाले, "सार, अम्माशी बोललात ते सगळं मला कळलं. आता माझ्याशी त्याच भाषेत बोला. याला मधे घालू नका."

लोकेश म्हणाला, "सर, शी इज सेयिंग दॅट..."

"बाय मुच्चु!" मी म्हणाले. तोंड बंद कर. माझ्या लेकाच्या वयाचा तो. पहिल्यांदा कुणाला असं बोलले.

साहेब लाल झाला. पण कन्नडमध्ये बोलला. "सही करायची नसेल तर उद्यापासून येऊ नका." एवढंच त्याचं वाक्य. मी ते तसंच्या तसं ठेवलंय.

मी कागद उलटा केला. सातवीपर्यंतच्या माझ्या कन्नड अक्षरांत लिहिलं: मी लोकेशला म्हणाले, "टोक सापडत नाही, सार." लोकेश म्हणाला, "आमेले नोडोणा. मोदलु पीस मुगिसी, अक्का." खाली साहेबाचं आत्ताचं वाक्यही लिहिलं. त्याखाली सही केली. मोबाइलवर फोटो काढला आणि उठले.

नोकरी गेली. लोकेश राहिला. गीता त्यानंतर माझ्याशी कधी बोलली नाही. तो कागद गिऱ्हाईकापर्यंत पोचला नसणार, फाडलाच असेल. न्याय वगैरे काही झाला नाही. कुणी तसं सांगत असेल तर ते त्याचं म्हणणं, माझं नाही.

आता मी अज्जी आहे, नातीचे कान पिळते, ती माझे पिळते. पण रविवारी माझ्या ओट्यावर कडकोळच्या बायका येतात. सोमवारी ज्यांना त्या खोलीत जायचं असतं त्या. त्या बोलतात, सोबत न्यायच्या कागदावर मी लिहिते. एक शिवी गाळत नाही, एक 'सार' वाढवत नाही. लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवते. हूं म्हणाल्या की ओरडते: हूं नको, तोंडानं बोल, हे बोलणं तुझं की माझं?

आणि मी कुठंही असले, दवाखान्यात, बँकेत, उद्या तिरडीवर जरी असले, आणि कुणी माझ्या डोक्यावरून म्हणालं की ती काय म्हणते, तर मी तिथल्या तिथं हात वर करते. ती इथं आहे. तिला विचारा. ती सांगेल तेवढंच लिहा, नाहीतर पेन खाली ठेवा.