दादाचा डेड टाइम

माझा दादा रसायनांच्या कारखान्यात नेमकं काय करतो, हे लोकांना सांगताना माझ्या नाकी नऊ येतात. तो रसायनं बनवत नाही. ती बनताना कशी वागतील, याची गणितं मांडतो. खालची आच एवढी वाढवली तर रसायनं उकळून वेगळी करणाऱ्या मनोऱ्याच्या माथ्यावरचं तापमान कधी आणि किती चढेल, हे त्याला आधी कागदावर कळतं. त्या हिशोबाने व्हॉल्व्ह आपोआप उघडमीट करणारी यंत्रणा तो बसवतो. या कामातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. व्हॉल्व्ह फिरवल्यावर परिणाम दिसायला वेळ लागतो, त्याला तिथे डेड टाइम म्हणतात. तेवढ्यात धीर सुटून कुणी पुन्हा फिरवला, की तापमान नको तितकं उसळतं. मग घाबरून उलटा फिरवायचा, की ते धाडकन कोसळतं. दिवसभर हाच झोका.

हे कारखान्यात ठीक आहे हो, पण दादा ते घरी घेऊन येतो. आमच्या न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ एकदाच फिरवायचा आणि थांबायचं. पाहुणे कुडकुडत बाहेर येतात. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते समजत नाही. मावशी आणि काका एकदम आले, तेव्हा त्याने काकांना जिन्यात बसवून ठेवलं. आईचा रक्तदाब नक्की कुणामुळे चढतो, हे त्याला बघायचं होतं.

"तुझ्यामुळे!" आई आतून ओरडली. "घे त्यांना आत!"

अशा माणसाने कारखान्याच्या लॅबमधल्या बाईंना लग्नाचं विचारलं. आम्ही घरी त्यांना लॅबबाई म्हणतो. त्या हातात नळी धरून थेंब थेंब सोडत होत्या. खालच्या द्रावणाचा रंग बदलेल त्या क्षणी हात थांबवायचा असतो. नेमकी तीच वेळ साधून दादाने विचारलं, "माझ्याशी लग्न कराल का?"

"थांबा," लॅबबाई म्हणाल्या.

दादा थांबला. म्हणजे तिथून निघून गेला आणि थांबायला लागला. घरी येऊन मला म्हणाला, "प्रश्न टाकलाय. आता हात लावायचा नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढे लॅबबाई एका रविवारी आईला भेटायला आल्या. मग दर रविवारी येऊ लागल्या. त्यांच्या चपला दारात ओळखीच्या झाल्या. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच नेऊ लागल्या, पाठीला बरी म्हणून स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. कारखान्यातली पाळी उशिरा सुटली की आईच्या खोलीत झोपू लागल्या, तेव्हा त्यांची उशी आली, मागून कपाटातला एक कप्पाही त्यांचा झाला. दादा त्यांना वाढायचा, पाणी द्यायचा आणि मला बाजूला घेऊन सांगायचा, "अजून काही हालचाल नाही."

"अरे, त्यांचा टूथब्रश आहे आपल्या बेसिनवर!"

"किरकोळ चढउतार धरायचे नसतात."

असं हे भिजत घोंगडं. बरं, लॅबबाईही मानी. एकदा विचारून पळालेल्या माणसाला आपण कसं विचारायचं, असं त्यांचं म्हणणं.

एका रविवारी जेवताना त्यांनी सांगितलं, की दुसऱ्या शहरातल्या कारखान्याने त्यांना मोठ्या जागेवर बोलावलंय आणि आजच कळवायचंय. आईचा घास हातातच राहिला. आम्ही दोघींनी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय," तो म्हणाला. "त्यात हे नवीन आलं तर गुंता होईल."

"द्रावणाचा रंग बदलेपर्यंत थांबा, असं म्हटलं होतं मी," लॅबबाई म्हणाल्या. "मान वर केली तर तुम्ही गायब!"

"मग उत्तर काय होतं?"

"माझी उशी आहे या घरात. आणखी काय लिहून देऊ?"

त्यांनी तिथेच फोन लावला, येणार नाही म्हणून कळवलं आणि दादाकडे बघत बसल्या. दादा ताटाकडे बघत होता. एवढी चांगली जागा त्यांनी याच्यासाठी सोडली होती, आणि हा दगड! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, तोंड उघड की!"

"राहू द्या, वन्सं," लॅबबाई म्हणाल्या. "बोलतील."

इतके दिवस त्या मला ताई म्हणायच्या. माझा राग कुठल्या कुठे गेला, डोळे भरून आले. आम्ही ताटं उचलली. दादा रिकाम्या टेबलाशी तसाच बसून होता. भांडी घासून झाली, आई आडवी झाली, मी ओटा पुसायला घेतला, तेव्हा बाहेरून हुंदका ऐकू आला. दादा टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडत होता. लॅबबाई हात पुसत शांतपणे बाहेर गेल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"मला वाटलं होतं तुम्ही नाहीच म्हणाल," दादा कसाबसा म्हणाला. "गणित वगैरे काही नाही. भीती वाटत होती, म्हणून परत विचारलं नाही."

"माहिती आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर एकेक वस्तू आणत गेले."