मंदाच्या गोळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढंसुद्धा नाही — देवापुढं हात जोडले की मी भलतंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्ही माझे कोण लागता? कोणी नाही. म्हणून तर जीभ रेटतेय.

मंदा माझी धाकटी जाऊ. कळंबजवळ आमची वस्ती. ऊस, चार म्हशी आणि खाणारी तोंडं पुष्कळ. मंदा आली ती गोरीपान, हसरी. सासूबाई — आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो — पाहुण्यांपुढं आधी तिला बोलवायला लागल्या, मग मला. मी काळी, नाकीडोळीही बेताचीच. मला ती बघवायची नाही. कारण एवढंच. दुसरं एखादं बरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

लग्नाला दोनेक वर्षं झाली आणि सकाळी तिची बोटं वळेनात. धारा काढायला बसली की डोळ्यांतून पाणी. ताप यायचा, जायचा. केस विंचरले की मूठभर हातात. उन्हातून आली की नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उमटायचा. मी बायकांत म्हणायचे, "नाटकी हाय. काम निघालं की हिचं अंग दुखतंय." बायका हसायच्या, मला बरं वाटायचं.

शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. नेमकी तेव्हाच दिराची कॅनॉलच्या पाण्याची पाळी आली, ती सोडून कोण जातंय? म्हणून सोबत मी गेले — नववी शिकलेली, चार माणसांत बोलणारी. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मंदाला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. आपल्याकडं असंच करतात ना? दुखणं एकाचं, सांगायचं दुसऱ्याला. "ती घाबरेल. तुम्ही थोरल्या आहात, घरी गेल्यावर नीट समजावून सांगा," म्हणाले.

मला मात्र त्यांनी सगळं नीट सांगितलं. आजाराचं नाव ल्युपस. अंगाची राखण करणारी ताकदच उलटते आणि अंगावर धावते — सांधे, कातडी, मूत्रपिंडं, काहीही धरते. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळातून जात नाही, पण औषधानं आवाक्यात राहतो. ऊन टाळायचं. गोळ्यांनी तोंड सुजेल, भूक वाढेल, तरी आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, एकदम तोडल्या तर जिवावर बेतेल. पाय सुजले, लघवीला फेस आला, तर तडक इकडं यायचं. दिवस राहू द्यायचे तेही विचारूनच. मी मान हलवत होते. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही — सगळं कळलं होतं.

परतताना एसटीत मंदा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. आणि मी काय विचार करत होते? ही आता जन्मभर सावलीत बसणार, आणि उसातली खुरपणी-भांगलण, म्हशी, शेणघाण माझ्या गळ्यात. घरी सगळे भोवती बसले. मी म्हणाले, "अंगात उष्णता हाय. बरं वाटंपतूर गोळ्या घ्यायच्या. हातपाय हलतं ठेवायचं, बसून राहायचं न्हाय." खोटं बोलताना म्हणे जीभ अडखळते. माझी नाही अडखळली.

गोळ्यांनी मंदा उभी राहिली. धारा काढताना गुणगुणायला लागली. तोंड तेवढं गोल सुजलं. त्यावरही मी सोडलं नाही — "माहेरचं तूप चढलंय बाईला," म्हणायचे. मग एक दिवस तिनंच विचारलं, "आक्का, आता बरं वाटतंय. गोळ्या घिऊ का नगं?"

हीच ती जागा. मी भाकरी थापत होते. तव्यावरची उलटली आणि म्हणाले, "बरं वाटतंय तर कशाला पोटात इख घालतीस?" तिच्या हातातलं पाकीट घेतलं आणि चुलीत घातलं. ती हसली. सुटल्यासारखी हसली.

त्या उन्हाळ्यात मी तिला रोज भांगलायला नेलं. चट्टा गालभर पेटला. घोटे सुजले. एकदा बांधावर, इकडंतिकडं बघून, तिनं मला सांगितलं की लघवीला फेस येतोय. नवऱ्याला सांगायची लाज, आत्याबाईंना सांगायची भीती, म्हणून मला. मी तिला सब्जा भिजवून दिला. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? पण मग आधीचं सगळं उघडं पडलं असतं. मी माझी अब्रू जपली. तिच्या जिवापेक्षा ती मला मोठी वाटली.

जीपमधून पुण्याला नेली तेव्हा अंगभर पाणी झालं होतं, धाप लागली होती. डॉक्टर तेच. संतापले. "गोळ्या बंद? उन्हात काम? मी या बाईंना सगळं सांगितलं होतं." दीर माझ्याकडं बघायला लागला, आत्याबाईही. मी म्हणाले, "मी सांगितलं हुतं की हिला. ही कुठं ऐकती?"

मंदानं माझ्याकडं पाहिलं. मग नवऱ्याला हळूच म्हणाली, "व्हय. मीच ऐकलं न्हाय."

का म्हणाली असेल? मला वाटतं, तिनं हिशेब केला — जगले तर याच घरात, हिच्याच हाताखाली राहायचंय. तिला जगायचं होतं. दीर तिथंच तिला तोंडाला येईल ते बोलला. कसायासारखी मी शेजारी उभी होते. मूत्रपिंडं गेली होती. ते बोल ऐकतच तिनं जीव सोडला.

दिराचं दुसरं लग्न झालं. नवीला घेऊन तो आधी माझ्यापुढं आला. "वैनीच्या पाया पड," म्हणाला. "आणि त्यांचं ऐकत जा. पहिलीनं ऐकलं न्हाय, जिवाला मुकली."

ती वाकली. मी तोंडभरून आशीर्वाद दिला.