उंडीच्या तेलाचा वास

भूतबीत, अंगात येणं... असल्या भानगडींना मी कधी भीक घातली नाही. कुवेतला शर्कमधल्या एका ऑफिसात अकाउंटंट होतो, पुरावा दाखवा मग बोला हा माझा खाक्या. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

१९९८ साल. आम्ही सबाह अल-सालेमला राहायचो — मी, बायको वैशाली आणि मुलगी. माझे वडील, आप्पा, लेखक होते. राजापूरच्या आतल्या गावात त्यांनी जंगलखात्याचं इंग्रजांच्या वेळचं घर विकत घेतलं होतं. भिंती म्हणजे अख्खे सागाचे ओंडके एकावर एक रचलेले. सगळी पुस्तकं त्यांनी तिथेच लिहिली. वाळवी लागू नये म्हणून दर उन्हाळ्यात ओंडक्यांना उंडीच्या बियांचं तेल चोळायचे. 'घराला न्हाऊमाखू घालतोय' म्हणायचे, तान्ह्या बाळाला घालतात तसं! तेलाला इतका उग्र वास, की आम्ही भावंडं नाक धरून पळायचो. आप्पा गेले आणि ते माखणं बंद पडलं.

एका शुक्रवारी दुपारी मी गावी धाकट्या भावाला, सुधीरला फोन लावला. तो म्हणाला, ओंडके पोखरलेत, लाकूडवाला न्यायला तयार आहे, तिथे स्लॅबचं घर बांधू, तू फक्त हो म्हण. जीव तुटत होता माझा... पण एवढ्या लांब बसून कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

'हो' अगदी ओठांवर आलं — आणि तो वास आला. उंडीच्या तेलाचा, नाकाला झोंबणारा. खिडक्या बंद, एसी चालू. वैशालीनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय सांडलंत? मुलगी म्हणाली, "बाबा, व्हॉट्स दॅट स्मेल?" म्हणजे भास माझ्या एकट्याचा नव्हता. रिसीव्हर हातातून निसटायला लागला म्हणून तळवा पाहिला, तर हिरवट, चिकट तेल.

"सुध्या, घराला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "मी येतो. मी माखतो."

पलीकडून हळूच, "दादा... तुला कुणी सांगितलं?"

सकाळी लाकूडवाल्याला घेऊन तो माप घ्यायला गेला होता. आप्पांच्या लिहायच्या खोलीतले ओंडके तेलानं ओले होते. कुलूप लावलेलं, किल्ली त्याच्याच खिशात. मी मोडता घालीन म्हणून हे माझ्यापासून लपवत होता, लबाड.

घर वाचलं. कुजलेले ओंडके बदलले, आप्पांचे वाचक लांबून बघायला येतात. कुवेतला होतो तोवर दर उन्हाळ्यात रजा टाकून जायचो; मी आणि सुधीर मिळून माखायचो. तेल कुठून आलं, हे आजतागायत आम्हा दोघांनाही कळलेलं नाही. तो वास कुवेतच्या घरात पुन्हा कधी आला नाही... मी वाट पाहिली, खोटं कशाला बोलू.

आप्पांना कुवेतला या म्हणून किती विनवलं होतं. शेवटपर्यंत आले नाहीत. त्या दुपारी ते खरंच आले असतील, तर मी काय केलं? साबणानं हात धुऊन टाकले. त्यांना साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.