पेवातला शाळू

ज्वारीच्या डब्यात कधीतरी पाणी शिरलं होतं. परवा झाकण काढलं आणि त्या आंबट, कुजक्या वासानं मला थेट बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या सोलापुरात नेऊन सोडलं.

वर्षभर आमची गल्ली रेशनचा तांबडा मिलो, परदेशातून आलेली निकृष्ट ज्वारी, खात होती. त्याची भाकरी तव्यावर टाकतानाच तुटायची. शेजारचे धान्याचे व्यापारी अण्णा सगळ्यांना सांगायचे, "ज्वारीचा दाणा न्हाय बघा शिल्लक."

पाऊस झाल्यावर त्यांनी परसातलं पेव उघडलं. जमिनीखालच्या त्या खड्ड्यात तोंडापर्यंत शाळू भरलेला होता. पांढरीशुभ्र ज्वारी, पाणी झिरपून काळी पडलेली. त्या घाणीनं मला तिथंच ओकारी आली. अण्णा कपाळाला हात लावून बसले होते.

गल्लीतल्या बायका नाकाला पदर लावून जमल्या. मला वाटलं, आता कुणीतरी त्यांची खरडपट्टी काढणार. आई पुढं झाली. तिच्या बोटांना अजून मिलोचं पीठ होतं.

"लई नुकसान झालं की हो अण्णा तुमचं," ती म्हणाली. बाकीच्या चुकचुकल्या.

परवाचा डबा मी घासून उन्हात ठेवला. त्याचा वास गेला. आईचं ते वाक्य मात्र अजून घशाशी येतं.