हृदयाचा धडा कुणी शिकवायचा

नौपाड्यातल्या आमच्या शाळेत मी तेवीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. रक्ताभिसरणाचा धडा आला की मी फळ्यावर लाल आणि निळ्या खडूनं हृदय काढते, पुस्तकात न बघता. जाता जाता एखादे शिक्षक दारात थांबून बघतात, आणि मला ते आवडतं. शाळेत हृदय हा विषय माझा, असं मी धरूनच चालले होते.

तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा शाळेत धावण्याच्या शर्यतीत एक विद्यार्थिनी कोसळली आणि जागीच गेली, असं कानावर आलं. त्या आठवड्यात मी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, दोन पानी पत्र लिहिलं. हृदय अचानक बंद पडलं तर पहिल्या काही मिनिटांतच छातीवर दाब द्यावा लागतो, त्याचं शिक्षण शिक्षकांना आणि मोठ्या मुलांना द्यावं, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र शाळेत असावं, असं सगळं मुद्देसूद. बाईंनी वाचलं, ‘छान लिहिलंय हो’ म्हणाल्या आणि लिपिकाकडे दिलं. ते फाइलला लागलं. मीही पुन्हा विचारलं नाही. मान राखून गप्प बसले, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या वर्षी पी.टी.ला नव्या बाई आल्या. वय अठ्ठावीस, कल्याणजवळच्या गावातल्या, कबड्डी खेळलेल्या. बोलणं धाडधाड. ‘मी आलेली’, ‘मी त्याला बोलली’. माझ्या कानाला ते टोचायचं. मुलं मात्र मधल्या सुट्टीत तिच्याभोवती गोळा व्हायची.

जूनमधल्या शिक्षकांच्या पहिल्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मला एक बोलायचंय. आमच्या टीममधली एक पोरगी मॅटवर पडलेली. आम्ही सगळ्या बाजूला उभ्या. कोणी पाणी मारतंय, कोणी कांदा हुंगवतंय, कोणी तळपाय घासतंय. पंधरा मिनिटं. मी तिचा हात धरून बसलेली. गेली ती. छाती दाबायची असते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आपल्या शाळेत हे शिकवायला पाहिजे.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, “लगेच सुरू करू. तूच प्रमुख.”

मी माझ्या वहीत तारखेखाली रेघ मारत बसले होते. माझी दोन पानं आणि हिची तीन मिनिटं. तिचं ते दुःख खरं होतं हे मला दिसत होतं, आणि तरीही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हे आधी मी सांगितलं होतं. कुणाला म्हणजे कुणालाच ते आठवलं नाही. मोठ्या बाईंनासुद्धा.

ऑगस्टमध्ये सभागृहात प्रशिक्षण झालं. एक डॉक्टर आले होते, पण शिकवलं बहुतेक तिनंच. मुंबईला जाऊन ती रीतसर शिकून आली होती. सतरंजीवर रबरी बाहुले मांडले होते, कमरेपासून वरचे. दाब पुरेसा पडला की बाहुल्याच्या खांद्यावर हिरवा दिवा लागायचा. ताल चुकू नये म्हणून तिनं लेझीम पथकातल्या मुलीला ढोल घेऊन बसवलं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस ठोके. मुलं त्या ठेक्यावर दाबत होती, घामाघूम होत होती, हसत होती.

मी मधेच हात वर केला. “एक दुरुस्ती. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात रक्तवाहिनी अडते. दुसऱ्यात हृदयाची विद्युत यंत्रणाच बिघडते.”

“बरोबर, मॅडम,” ती म्हणाली. “हे तुम्हीच समजवा ना पोरांना.”

मी पाच मिनिटं बोलले. मुलं जांभया देत होती. मग ती म्हणाली, “आता या, मॅडम, करून बघा.” मी साडीचा पदर खोचून बसले. दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नाहीच.

“कोपर सरळ, मॅडम. हातानं नाही, खांद्यानं दाबायचं.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, “माझी पाठ दुखते.” पाठ दुखत नव्हती.

दिवाळीच्या आधी विजेचा झटका देणारं ते यंत्र आलं. माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेली, जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठी लाल पेटी. ती पटांगणाजवळ, पाण्याच्या नळाशेजारी भिंतीवर लावायची, असं पी.टी.च्या बाईंनी ठरवलं होतं. मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

“बाई, किमती वस्तू आहे. मुलं हात लावणार, पाणी उडणार. प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात ठेवू. किल्ली माझ्याकडे राहील.”

त्यांना ते पटलं. कारण मी नेहमी जबाबदारीनं बोलते. पी.टी.च्या बाई वाद घालायला आल्या, “अहो बाई, कुलपात ठेवून काय उपयोग,” वगैरे. मी शांतपणे शिस्तीचे दोन शब्द बोलले आणि जिंकले. त्या दिवशी घरी जाताना मला इतकं हलकं वाटत होतं, की वाटेत मी गजरा घेतला. कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये तिनं न सांगता सराव ठेवला. पटांगणात बाहुला टाकला, शिट्टी वाजवली आणि घड्याळ लावलं. दोन मुली पळत पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेल्या. कपाटाला कुलूप. मी तिसऱ्या मजल्यावर सातवीच्या वर्गात. मुली वर आल्या. किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स शिक्षक-खोलीत. मी खाली धावले, पर्स उलटी केली, किल्ली घेऊन प्रयोगशाळेत. पेटी पटांगणात पोहोचली तेव्हा घड्याळात साडेआठ मिनिटं झाली होती. मोठ्या बाई शेजारीच उभ्या होत्या.

ती मला काहीही बोलू शकली असती. ती फक्त मोठ्या बाईंना म्हणाली, “पेटी खाली पाहिजे, बाई.” माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी नळाशेजारी लागली. तिनं मला दोष दिला नाही याचाच मला जास्त राग आला. भांडली असती तर मी उलटून बोलले असते.

डिसेंबरात क्रीडामहोत्सवाची तयारी चालू होती. सकाळचे साडेदहा. मी नववीच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन पटांगणाच्या कडेनं जात होते. रिलेचा सराव चालला होता. नववीतली एक मुलगी, माझ्याच वर्गातली, पहिल्या बाकावरची, वळणावर आली आणि दोरी तुटावी तशी खाली पडली. हात पुढे न टेकता पडली. अडखळलेला माणूस असा पडत नाही.

मी पोहोचले तेव्हा पी.टी.च्या बाई तिच्याशेजारी गुडघ्यांवर होत्या, खांदे हलवून तिला हाका मारत होत्या. मुलीचं तोंड उघडं होतं. थांबून थांबून एकेक घरघरता आचका येत होता.

“श्वास चाललाय तिचा!” मी ओरडले.

“हा श्वास नाही, मॅडम. पेटी आणा!”

आणि तिनं दाबायला सुरुवात केली. हृदय बंद पडल्यावर असे आचके येतात, त्यांना श्वास समजू नये, हे मी माझ्या त्या पत्रात लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर. लिहिलं होतं आणि समोर दिसलं तेव्हा ओळखलं नाही.

वह्या तिथंच टाकून मी धावले. पेटी घेऊन आले तोवर एका मुलीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावून दिला होता, आणि दहावीच्या दहा-बारा मुली भोवती पाठमोरं रिंगण करून ओढण्या धरून उभ्या होत्या. मुलीचे कपडे उघडावे लागतील, तेव्हा असं उभं राहायचं, हे त्या सरावात शिकल्या होत्या. मला या गोष्टीची कल्पनाही सुचली नव्हती. मी पट्ट्या काढल्या, चित्रात दाखवल्याप्रमाणे एक उजव्या खांद्याखाली, एक डावीकडे काखेखाली चिकटवली. यंत्र बोलू लागलं. दूर व्हा म्हणालं. आम्ही दूर झालो. झटका बसला, मुलीचं अंग उडालं.

“आता तुम्ही घ्या, मॅडम. माझे हात गेले.”

मी बसले. दाबू लागले. कुणी ढोल वाजवत नव्हतं, ती तोंडानं मोजत होती. माझ्या हाताखाली काहीतरी कट्‌कन वाजलं आणि मी थांबले.

“थांबू नका!” ती ओरडली.

मी पुन्हा दाबू लागले, आणि मग थांबले नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग मुलीचा हात हलला, ती कण्हली, आणि माझ्या मनगटाला तिची बोटं लागली.

खोपटकडच्या रस्त्यावरची गर्दी कापत ॲम्ब्युलन्स आली. गाडीत सोबत एकाच व्यक्तीला जागा होती. पी.टी.च्या बाई चढल्या, दार लागलं. मी पटांगणात उभी राहिले, धुळीत पसरलेल्या वह्या गोळा करू लागले आणि खरं सांगते, माझ्या मनात आलं ते असं: माझ्या वर्गातली मुलगी, आणि सोबत गेली ती, मी नाही.

मुलगी वाचली. तिच्या हृदयात जन्मापासून विजेचा दोष होता, कुणालाच ठाऊक नव्हता. जानेवारीत सत्कार झाला. मुलीची आई पी.टी.च्या बाईंच्या पायाशी वाकली. त्यांनी तिला वरच्या वर धरलं. माझा उल्लेख ‘आणि सहकारी शिक्षक’ असा झाला. मी सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या, माझ्या मनातलं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

मग एक दिवस राहवलं नाही. शिक्षक-खोलीत आम्ही दोघीच होतो. ती डबा खात होती.

“अगं, एक सांगायचंय. पेटी कपाटात मी मुद्दाम ठेवायला लावली होती. पाण्याची भीती वगैरे काही नव्हती. तुझं नाव होतंय ते मला बघवत नव्हतं.”

तिनं घास खाली ठेवला. मला वाटलं होतं, ती ‘जाऊ द्या हो’ म्हणेल. इतकी वर्षं मी लोकांना तसं म्हणायला लावत आले आहे.

“मॅडम, मला वाटलेलं तुम्ही खरंच घाबरलेल्या,” ती म्हणाली. “ती पोरगी नोव्हेंबरात पडली असती तर?”

तिनं डबा बंद केला आणि निघून गेली. दोन महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ते मला सत्कारापेक्षा जास्त लागलं, आणि ते योग्यही होतं.

मार्चच्या शेवटी तीच आली. “कल्याणच्या एका शाळेत शिकवायला बोलावलंय. पोरं प्रश्न विचारतात, हृदय कसं बंद पडतं, का पडतं. मला नीट सांगता येत नाही. तुम्ही येता का?” आवाज कोरडा होता. मी हो म्हणाले.

त्या शाळेत मी फळ्यावर हृदय काढलं आणि पाच मिनिटांत आवरलं. मग तिनं बाहुले मांडले. तास संपल्यावर मुलं तिच्याभोवती फोटो काढायला जमली, आणि फळ्यावरच्या हृदयाकडे कुणी वळून पाहतंय का, ते मी बघितलं. मी कोपऱ्यात बसून बाहुल्यांची तोंडं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसू लागले.

आठवीतली एक मुलगी मागे राहिली होती. ती माझ्याशेजारी येऊन उकिडवी बसली.

“बाई, दाबताना बरगडी मोडली तर?”

“मोडते कधी कधी. आवाज येतो.”

“मग?”

“बरगडी जुळते नंतर. तू थांबायचं नाहीस.”

मग तिनं बाहुला स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, “परत एकदा दाखवा ना.”